विशेष पोलीस, होमगार्ड की पोलीस पाटील? पात्रता आणि खर्चाचा हिशेब

गेल्या दिवाळीत कराड तालुक्यातला माझा भाचा घरी आला आणि फराळाच्या ताटाशेजारी त्यानं एक कार्ड ठेवलं. वर राजमुद्रेसारखं दिसणारं पण नीट बघितलं तर वेगळं असलेलं चिन्ह, कडेला लाल-निळी पट्टी, कोटातला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘विशेष गुन्हे अन्वेषण अधिकारी, सातारा जिल्हा’.

“मामा, आता टोलनाक्यावर कुणी अडवत नाही,” तो म्हणाला.

“तासवड्याला दाखवलंस?”

“दाखवलं की. लगेच सोडलं.”

फास्टॅगमधून पैसे कापल्याचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर होता, तो मी त्याला उघडून दाखवला. कार्डासाठी त्यानं साडेपाच हजार रुपये मोजले होते. त्यात लॅमिनेट केलेलं नियुक्तिपत्र आणि गाडीच्या काचेला चिकटवायचा स्टिकर आला होता. पावती मागितल्यावर त्यानं ती दिली आणि सगळी मेख तिथंच होती. पावतीवर ‘शुल्क’ किंवा ‘फी’ असं काहीच नव्हतं, ‘ऐच्छिक देणगी’ असं लिहिलेलं होतं. देणगी म्हणून दिलेल्या पैशाबद्दल उद्या ग्राहक आयोगात जायचं म्हटलं, तर समोरचा पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही ग्राहक कसले? तुम्ही तर देणगीदार.

साताऱ्यात आणि सांगलीत अशी कार्डं बाळगणारी पोरं मला अधूनमधून भेटतात. बहुतेकांना कुणालाच फसवायचं नसतं. भरती हुकलेली असते, वय निघून चाललेलं असतं आणि खाकीची ओढ मात्र जात नाही. अशांच्या घरच्यांसाठी हा हिशेब मांडतो आहे. कायद्यानं खरोखर अधिकार देणारी पदं कोणती, त्यांना पात्रता काय लागते, सरकारला किती पैसे द्यावे लागतात आणि बाकीचे पैसे कुठं जातात. आधीच सांगतो, सरकारजमा होणारा खर्च कुठल्याच पदाला हजार-दीड हजाराच्या वर जात नाही.

अर्ज करून न मिळणारं पद

‘विशेष पोलीस अधिकारी’ हे पद खोटं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २१ मध्ये ते आहे. दंगल किंवा शांततेचा गंभीर भंग होण्याची भीती असेल आणि नेहमीचं पोलीसबळ अपुरं पडेल असं वाटलं, तर पोलीस आयुक्त, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा शासनानं खास अधिकार दिलेले दंडाधिकारी धडधाकट माणसाला विशेष पोलीस अधिकारी नेमू शकतात. वय १८ ते ५०. कायद्याचा मजकूर जुना असल्यानं त्यात ‘पुरुष’ असाच शब्द आहे. नेमणूक लेखी आदेशानं होते, त्यावर सही आणि शिक्का लागतो. नेमलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळतं आणि त्या मुदतीत त्याला साध्या पोलिसाइतकेच अधिकार असतात, तितक्याच जबाबदाऱ्याही असतात.

यात अर्ज कुठं आहे? कुठंच नाही. शुल्क नाही, वेतनश्रेणी नाही, कायमची नेमणूकही नाही. गरज पोलिसांना पडते आणि बोलावणं त्यांच्याकडून येतं. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत राज्यातल्या काही शहरांत असे विशेष पोलीस अधिकारी नेमले गेले, ते आपापल्या वस्तीत नाकाबंदीला उभे राहिले आणि गरज संपल्यावर घरी गेले. त्यामुळं कुणी स्वतःला विशेष पोलीस अधिकारी म्हणवत असेल तर दोनच गोष्टी विचाराव्यात. आदेश कुणाच्या सहीचा आणि कुठल्या प्रसंगासाठी? साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या पोलीस अधीक्षकांची सही नसेल आणि एखाद्या संस्थेच्या ‘राष्ट्रीय अध्यक्षां’ची असेल, तर तो कागद लग्नपत्रिकेहून जास्त कामाचा नाही. लग्नपत्रिकेवर निदान जेवण मिळतं.

अपुऱ्या पगारावर आणि अपुऱ्या प्रशिक्षणावर माणसाच्या हातात पोलिसाचं काम देणं किती धोक्याचं, हे देशानं छत्तीसगडमध्ये पाहिलं. तिथं नक्षलग्रस्त भागात आदिवासी तरुणांना महिना तीन हजार रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून हत्यारं दिली होती. नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०११ रोजी ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडं ती वेळ आली नाही, पण ‘विशेष’ शब्द लागला की मान वाढतो, असं समजणाऱ्यांनी तो निकाल लक्षात ठेवावा.

बरं, डोळ्यांदेखत गुन्हा घडत असेल तर कार्ड नसलेल्या माणसानं हात बांधून उभं राहायचं का? तसंही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही नागरिक पकडू शकतो. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हा अधिकार भाच्याकडं कार्ड घेण्याच्या आधीपासून होता, तोही फुकट.

‘विशेष कार्यकारी अधिकारी’ या शब्दानंही अनेकांचा गोंधळ होतो. हे मानद पद आहे. पगार नाही, वर्दी नाही, चौकशीचे अधिकार नाहीत. कागदपत्रं साक्षांकित करणं, दाखल्यांसाठी ओळख देणं अशी कामं असतात. गावात शिक्का बाळगण्याचा मान मिळतो, तेवढाच. नेमणुकीच्या यादीत राजकीय शिफारशी असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो तुमच्या हौसेचे मागतो आहे.

होमगार्ड: बिनाशुल्क अर्ज, रोजावर काम

खाकी घालायची आहे, वय अठ्ठावीसच्या पुढं गेलंय आणि घरची शेती किंवा दुकान सोडता येत नाही, अशा माणसाला माझा सल्ला होमगार्डचा असतो. मुंबई इलाख्यात डिसेंबर १९४६ मध्ये हे दल उभं राहिलं आणि १९४७ च्या कायद्यानं त्याला पाया मिळाला. बंदोबस्तावर बोलावलं की त्या काळापुरते होमगार्डला पोलिसाचे अधिकार आणि कायद्याचं संरक्षण असतं. जिल्ह्यात समादेशक म्हणून बहुधा अपर पोलीस अधीक्षक काम पाहतात.

पात्रता अशी. वय २० ते ५०, शिक्षण दहावी पास. उंची पुरुषांना १६२ सेंटिमीटर, महिलांना १५०. पुरुषांची छाती न फुगवता ७६ आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धाव, दोघांनाही गोळाफेक. आयटीआय, एनसीसीचं ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र, जड वाहनाचा परवाना, खेळाची प्रमाणपत्रं असतील तर जादा गुण मिळतात. आणि एक अट बरेच जण वाचतच नाहीत. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत तुम्ही राहता तिथल्याच जागांसाठी अर्ज करायचा. उंब्रजचा माणूस कराड शहराच्या जागेवर हक्क सांगू शकत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. खर्च येतो तो कागदपत्रांचा. दहावीचं प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, तीन महिन्यांच्या आतलं पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदावर अनेकांचं घोडं अडतं. एमआयडीसीतला मालक कामगाराला आषाढात आठ दिवस आणि गणपतीत दहा दिवस सोडायला सहजी तयार होत नाही. त्याला आधीच विचारून ठेवा, मैदानाच्या आदल्या दिवशी नको.

मिळतं काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं कर्तव्य भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये केला. पण हा महिन्याचा पगार नाही, बंदोबस्ताला बोलावलेल्या दिवसाचा भत्ता आहे. वर्षात शंभर दिवस काम लागलं तर १,०८,३०० रुपये होतात, पन्नासच दिवस लागलं तर ५४,१५०. किती दिवस लागतील हे तुमच्या तालुक्यावर आणि त्या वर्षीच्या घडामोडींवर ठरतं. निवडणुका, गणेशोत्सव, लोणंद-तरडगाव-फलटण मार्गावरची माउलींची पालखी, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पुसेगावची सेवागिरी यात्रा, पालीचा खंडोबा, तासगावचा गणपतीचा रथ, शिराळ्याची नागपंचमी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं वर्षच यात्रांनी भरलेलं आहे. पौषात मांढरदेवीला जाणाऱ्या होमगार्डाला २५ जानेवारी २००५ सांगावा लागत नाही. त्या दिवशी यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास भाविक गेले आणि गर्दी आवरणं हे किती जोखमीचं काम आहे ते सगळ्या राज्याला कळलं. कृष्णेला पूर आला की सांगलीत जे काम पडतं, ते तर कुठल्याच पात्रतेच्या यादीत लिहिलेलं नसतं.

भत्ता खात्यावर उशिरा येतो, ही तक्रार जुन्या होमगार्डांकडून हमखास ऐकू येते. त्यामुळं गाडीचा हप्ता या भत्त्याच्या भरवशावर घेऊ नये. दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, कवायतीला हजर राहावं लागतं. तरुणांसाठी मात्र यात एक खरा फायदा आहे. होमगार्ड म्हणून तीन वर्षं, म्हणजे १,०९५ दिवस, पूर्ण केलेल्यांना पोलीस शिपाई भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी अकादमीच्या दारात उभं राहण्याआधी पोरांनी हा रस्ता बघायला हवा. वाटचालीत खिशाला कात्री लागण्याऐवजी चार पैसे हाती येतात.

पोलीस पाटील: पंधरा हजार आणि गावाचा राग

पूर्वी पाटीलकी वंशानं चालायची. १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटलांचं वंशपरंपरागत पद गेलं आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नं आजचा पोलीस पाटील आणला. तरी अजून अनेक घरांत ‘पाटीलकी आमच्याकडंच’ हा समज आहे. जागा परीक्षेनं भरली जाते. पोलीस पाटलाच्या वारसाला प्राधान्य मिळतं, पण ते दोन उमेदवारांचे गुण सारखे झाले तरच.

वय २५ ते ४५. शिक्षण दहावी. उमेदवार त्याच गावचा कायम रहिवासी हवा, प्रकृतीनं सुदृढ आणि चारित्र्यानं स्वच्छ हवा. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. जाहिरात प्रांताधिकारी काढतात, त्यामुळं पुण्या-मुंबईच्या संकेतस्थळांकडं डोळे लावून बसण्यापेक्षा वाई, फलटण, कराड, मिरज, विटा, जत यांपैकी जे तुमचं प्रांत कार्यालय असेल तिथल्या फलकावर नजर ठेवावी. कुठल्या गावाची जागा कुठल्या प्रवर्गाला आणि कुठली महिलेसाठी राखीव, ते जाहिरातीत गाववार दिलेलं असतं. स्वतःच्या गावाचं आरक्षण न बघता अर्ज भरणारे दरवेळी निघतात. त्यांचं शुल्क गेलं म्हणजे गेलं. ते शुल्क काही शे रुपयांचंच असतं, पण वाया का घालवायचं?

मार्च २०२४ मध्ये मानधन महिना ६,५०० वरून १५,००० रुपये झालं. वर्षाला १,८०,०००. नेमणूक ठरावीक वर्षांसाठी होते आणि नूतनीकरण होत गेलं तर वयाच्या साठीपर्यंत चालते. शेती किंवा कर्तव्याच्या आड न येणारा गावातला व्यवसाय चालतो, पूर्णवेळ नोकरी चालत नाही. ग्रामपंचायत सदस्य असाल तर ते पद सोडावं लागतं. राजकीय पक्षाशी संबंध नसावा, ही अट वाचायला एका ओळीची आहे. पण ज्या गावात सोसायटीपासून दूध संघापर्यंत आणि कारखान्याच्या पॅनेलपासून तालमीपर्यंत सगळं गटांत वाटलेलं आहे, तिथं ती पाळणं अवघड जातं. तुमची निवड झाली की विरोधी गटातला कुणीतरी जुन्या प्रचारफेरीतला तुमचा गळ्यात उपरणं असलेला फोटो घेऊन प्रांतांकडं जाणार, हे धरून चाला. फेसबुक आधी चाळून ठेवा.

या पदाचा खरा खर्च मानधनातून वजा होत नाही. रात्री अडीच वाजता विहिरीत कुणी सापडलं म्हणून फोन येतो. बेवारस मृतदेह, बांधावरची मारामारी, पळून गेलेली जोडपी, पंचनाम्याला उभं राहणं आणि मग कोर्टाच्या तारखा. पेट्रोल तुमचं आणि झोपही तुमचीच. पोलिसांना खबर दिली म्हणून भावकी बोलायची बंद होते. एका जुन्या पोलीस पाटलांच्या पत्नीनं मला सांगितलं होतं, “ह्यांना मानधन वाढलं, पण हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका निम्म्या झाल्या.”

तरीही असं पद हवंसं वाटतं, त्याचं मूळ जुनं आहे. सातारा आणि सांगली १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच गावांत न्यायदान मंडळं चालवली आणि कुंडलला तुफान सेनेची पोरं तयार झाली. तेव्हाच्या स्वयंसेवकाची छाती टेपनं मोजली जात नव्हती. गावाचा बंदोबस्त गावानं करायचा ही कल्पना इथल्या मातीत जुनी आहे, म्हणूनच ‘अधिकारी’ हा शब्द इथं पटकन विकला जातो, असं मला वाटतं.

शिपाई भरती: सरकारला ४५०, बाकी बाजाराला

आता ज्या पदासाठी घरं कर्जात जातात त्याकडं. पोलीस शिपाई होण्यासाठी बारावी पास लागतं. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. उंची पुरुषांना १६५, महिलांना १५५ सेंटिमीटर. पुरुषांची छाती ७९ आणि फुगवून ५ वाढ. राज्य राखीव पोलीस बलाला उंची १६८ आणि वयाची मर्यादा खुल्याला २५. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळं मुलांची संख्या दोनहून जास्त झाली असेल तर अपात्र. अर्जाचं शुल्क खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये. शिपाई, चालक आणि राखीव बल असे तिन्ही अर्ज भरले तर खुल्याचे १,३५० होतात. एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज भरू नका, बाद व्हाल. निवड झाल्यावर मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं. सांगलीकरांना तर प्रशिक्षण केंद्रही लांबचं वाटायचं कारण नाही, तासगाव तालुक्यात तुरचीला एक आहे. नेमणूक तिथंच मिळेल असं मात्र नाही.

मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांच्या १६०० मीटरला २० गुण, पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. १०० मीटर धाव आणि ७.२६० किलोचा गोळा यांना प्रत्येकी १५. निम्मे गुण मिळवून जे वर राहतात त्यांतले एका जागेला दहा या प्रमाणात लेखी परीक्षेला जातात.

एवढ्यासाठी अकादमी लागते का? काहींना लागते. घरी अभ्यासाला जागा नाही, पहाटे उठवणारं कुणी नाही, तर निवासी अकादमीची शिस्त उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण हिशेब करून जा. महिना आठ हजार धरले तर सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार होतात, त्यात भरती लांबली की आणखी. हेच घरून करायचं तर बुटांचे दोन जोड दोन-दोन हजारांचे, रोज चार अंडी सात रुपयांनी म्हणजे १८० दिवसांची ५,०४०, रोज अर्धा लिटर दूध तीस रुपयांचं म्हणजे ५,४००, पुस्तकं आणि प्रश्नसंच दीड हजाराचे. बेरीज १५,९४०. गोळा चौघांत एक घ्यावा. मैदानाला तर पैसेच पडत नाहीत. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी रस्त्यांवर पळत पळत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे, सांगलीत कृष्णाकाठ आहे. बार्टी, महाज्योती अशा शासकीय संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या जाहिराती काढतात, त्या वाचत राहावं.

अकादमीत पैसे भरण्याआधी एक काम घरात करा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा आणि कुणाकडून तरी उंची मोजून घ्या. हे हसण्यावारी नेऊ नका. १६४ सेंटिमीटरच्या मुलाकडून आठ महिने फी घेणाऱ्या आणि टेप न लावणाऱ्या जागा आहेत. त्यानंतर विचारायचं ते असं. मध्येच सोडलं तर किती परत? जेवणाचे पैसे फीमध्ये की वेगळे? गेल्या वेळी किती मुलं होती आणि त्यांतली किती लागली? फक्त लागलेल्यांची संख्या सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चौकातल्या तीन फ्लेक्सवर एकाच मुलाचा फोटो तीन अकादम्यांनी लावलेला मी स्वतः पाहिला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवडीची खात्री देणारे दावे करता येत नाहीत आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या निवडीनंतर दिलेल्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. ‘१००% भरती’ असं लिहिलेला बोर्ड दिसला की त्याचा फोटो काढून ठेवा, पुढं पुरावा म्हणून लागेल.

दाखल्यांची गळती

थोडे थोडे करून जास्त पैसे इथंच जातात. वय-अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी यांपैकी कुठल्याही दाखल्याचं आपले सरकार केंद्रातलं अधिकृत शुल्क ठरलेलं असतं आणि दरफलक लावणं केंद्राला बंधनकारक आहे. ‘अर्जंट’ नावाचा दर त्या फलकावर कधीच नसतो. शंभराचा स्टॅम्प बंद झाल्यावर काही ठिकाणी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प मागितला जायला लागला. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. साधा कागद चालतो. कुणी नाही म्हणालं तर नकार लेखी मागा, बहुतेक वेळा तिथंच काम होतं. ठरलेल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येतं.

नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीच्या तारखा जाहिरातीशी ताडून बघा. चार दिवस आधी मुदत संपलेल्या दाखल्यानं निवड गेलेली मुलं आहेत. जात पडताळणीला महिने लागतात, ते काम जाहिरातीची वाट न बघता सुरू करावं. वैद्यकीय तपासणी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात सांगितली जाते, ती निवडीच्या टप्प्यावर. त्याआधी खासगी डॉक्टरकडून फिटनेसचा कागद घेण्यात अर्थ नाही. रंगांधळेपणाची तपासणी मात्र आधी स्वतःहून करून घ्यावी. त्यातच बाद होणार असाल तर दोन वर्षं पळण्याआधी कळलेलं बरं.

कुणी पैसे मागितले तर

सरकारी माणसानं मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. पैसे देण्याआधी फोन करायचा, दिल्यानंतर नाही. ‘साहेबांशी ओळख आहे, चार लाखांत काम होईल’ म्हणणारा मध्यस्थ असेल तर ती सरळ फसवणूक आहे, पोलीस ठाण्यात तक्रार होते. अशा वेळी घरचे लाजतात, कारण लाच द्यायला आपणही तयार झालो होतो. ती लाजच त्या मध्यस्थाचं भांडवल असतं. अकादमीनं फी बुडवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं एवढं जपून ठेवा.

आणि तसलं कार्ड खिशात असेल तर ते दाखवत फिरू नका. लोकसेवक असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. कार्ड विकणारा नामानिराळा राहतो, दाखवणारा अडकतो.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही त्याला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं. बहिणीनं शिवणकामाचा टेप आणला. १६४. शिपायाला एक सेंटिमीटर कमी, होमगार्डला दोन जास्त. तीच म्हणाली, पुन्हा मोज, टेप वाकडा होता. पुन्हा १६४च आलं. साडेपाच हजारांची ‘देणगी’ परत मागणारं पत्र त्यानं पोस्टानं पाठवलंय, उत्तर अजून आलेलं नाही. स्टिकर काढताना निम्मा काचेलाच चिकटून राहिला, तो ब्लेडनं खरवडायचं काम चालू आहे.